मोठ्या गाडीमागची छोटी गाडी

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लेख द्यायचा म्हणजे लसीकरण, आहार किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय अपेक्षित असतो. या वर्षी मी थोडी वेगळी वाट धरली आहे. निमित्त दोन प्रश्नांचे. पहिला प्रश्न माझ्या महाविद्यालयीन मित्राचा. तो अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर काम करून निवृत्त झाला आणि पती-पत्नीने मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, घेण्याचे ठरविले. "घर पसंत पडले आहे, पण त्याच्यामागे बांधायची छोटी गाडी कोणती घ्यावी ते कळेना," असे त्याने कळविले. दुसरा प्रश्न आपल्या आदिलाबादचा. आपण डॉक्टर मंडळी एकत्र जमलो की आरोग्य शिबिरांसाठी एक मोठी, सुसज्ज फिरती दवाखाना-गाडी असावी, हा विषय हमखास निघतो. तिच्यात प्रयोगशाळा असावी, तपासणीचे टेबल असावे, लस ठेवण्याची सोय असावी, अशी यादी वाढत जाते. ती गाडी जेथे थांबेल तेथून पुढे काय, हा प्रश्न मात्र यादीत शेवटी येतो किंवा येतच नाही.

हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत असे मला वाटते. मोठ्या गाडीची उपयुक्तता तिच्या सोबतच्या छोट्या गाडीवर ठरते. म्हणून मोठी गाडी मागविण्याआधी छोटी निश्चित करावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे. मित्रासाठी मी जी माहिती जमविली ती प्रथम देतो. तिच्यातून आपल्या कामाचे बरेच काही निघते.

चाकांवरचे घर आणि त्याची अडचण

अमेरिकेत निवृत्त जोडपी मोटरहोममधून महिनोन्महिने प्रवास करतात. तीस-पस्तीस फूट लांब आणि आठ-दहा टन वजनाचे हे वाहन असते. आत बिछाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याची टाकी असा सारा संसार असतो. मुक्कामी पोहोचल्यावर वीज व पाण्याची जोडणी करून ते एका जागी उभे केले की पुन्हा हलविणे जिवावर येते. दूध आणायचे, औषधाच्या दुकानात जायचे किंवा एखादे स्थळ पाहायचे, तर हे घरच हाकत न्यावे लागते, आणि अनेक ठिकाणी ते नेताही येत नाही. माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात 'गोइंग-टू-द-सन' नावाचा प्रसिद्ध डोंगरी रस्ता आहे. त्याच्या घाटाच्या भागात २१ फुटांहून लांब वाहनाला प्रवेशच नाही. हजार मैल दूर जाऊन नेमके पाहण्याचे ते पायथ्याशी बसून ऐकायचे, अशी गत होते.

म्हणून मोटरहोमच्या मागे एक छोटी मोटार बांधून नेण्याची पद्धत तेथे रूढ झाली. या मागच्या गाडीला तेथील लोक 'डिंगी' म्हणतात. डिंगी म्हणजे तारवामागे बांधलेली लहान होडी. तारू खोल पाण्यात थांबते आणि माणसे होडीने किनारा गाठतात. आपल्याकडील जुन्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कापूस वाहायला बंडी आणि माणसे न्यायला दमणी, हा हिशेब त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

ओढून नेण्याच्या तीन रीती

पहिली रीत म्हणजे गाडीची चारही चाके जमिनीवर ठेवून ती ओढणे. गाडीच्या पुढच्या सांगाड्याला पोलादी पट्टी कायमची बसवितात आणि इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराच्या दांड्याने ती मोटरहोमला जोडतात. जोडणे-सोडणे काही मिनिटांचे काम असते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी लागते. अशी जोडलेली असताना मागे घेता येत नाही. मागे घेऊ लागताच ओढल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाके आडवी वळून अडकतात आणि दांडा वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरल्यास गाडी सोडवूनच परतावे लागते.

दुसऱ्या रीतीत गाडीची पुढची दोन चाके एका लहान दुचाकी गाड्यावर चढवितात आणि मागची दोन रस्त्यावर फिरतात. ज्या मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जाते, त्यांना ही पद्धत मानवते. तिसऱ्या रीतीत संपूर्ण मोटारच ट्रेलरवर चढवितात. यात मोटारीच्या यंत्राला काहीच धोका नाही, पण ट्रेलरचे पाच-सातशे किलो वजन वाढते, आणि मुक्कामाच्या ठिकाणी तो रिकामा ट्रेलर कोठे ठेवायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. नेहमी प्रवास करणारे बहुतेकजण म्हणून पहिली रीत पसंत करतात. गाडी शोधण्याची खरी अडचण तेथूनच सुरू होते.

प्रत्येक गाडी का चालत नाही ?

वैद्यकीय वाचकांना ही गोष्ट रक्ताभिसरणाच्या उपमेने लगेच पटेल. गिअरबॉक्समधील दाते आणि बेअरिंगे तेलावर जगतात. स्वयंचलित गिअरच्या गाडीत हे तेल फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. गाडी ओढली जात असताना इंजिन बंद असते, म्हणजे हृदय थांबलेले असते. चाके मात्र फिरत असतात आणि त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सचा मागचा भागही फिरत राहतो. अवयव पूर्ण कामावर आणि अभिसरण शून्य, अशा स्थितीत शंभर-दीडशे किलोमीटर गेले की धातू धातूवर घासून गिअरबॉक्स जळतो. चालकाला पुढे बसून त्याचा पत्ताही लागत नाही.

हाताने गिअर टाकायच्या गाड्यांतही भेद आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत चाकांशी जोडलेले मोठे दातेचक्र तेलात बुडालेले असते. ते फिरताना तेल उडवून सर्वत्र पोहोचविते, म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून त्या ओढता येतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत तेल उडविणारा दांडा इंजिनाकडून फिरतो. तो थांबलेला असल्याने वरची बेअरिंगे कोरडी पडतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे दुखणे निराळे. त्यांची चाके फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते, त्यामुळे त्यांपैकी बहुतेकांना चाके जमिनीवर ठेवून ओढण्याची मनाई असते.

या सर्वांवर एकच भरवशाचा इलाज आहे. गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेतील ओढण्याविषयीचे पान वाचणे. तेही त्याच वर्षीच्या, त्याच गिअरच्या गाडीचे. होंडा सीआर-व्ही ही गाडी अमेरिकेत मोटरहोमवाल्यांची फार लाडकी होती. ओढण्यापूर्वी इंजिन चालू करून ठरावीक क्रमाने गिअर फिरविले की ती स्वयंचलित असूनही ओढता येई. २०१५ च्या मॉडेलमध्ये गिअरबॉक्सचा प्रकार बदलला आणि ही मुभा संपली. नाव तेच, रूपही जवळजवळ तेच, पण २०१४ ची गाडी चालते आणि २०१५ ची चालत नाही. औषधाचे नाव सारखे दिसले तरी बाटलीवरील मात्रा वाचल्याशिवाय आपण मुलाला औषध देत नाही, तशीच ही काळजी आहे.

वजन आणि ब्रेक

दुसरी कसोटी वजनाची. मोटरहोम आणि मागची गाडी मिळून किती वजन असावे याची कमाल मर्यादा निर्माता ठरवून देतो. समजा ती ११,८०० किलो आहे आणि सामान, पाणी, माणसे धरून मोटरहोम प्रत्यक्षात १०,००० किलो भरले, तर मागे १,८०० किलोच उरतात. जोडणीचा आकडा आणि दांडा यांच्याही स्वतंत्र मर्यादा असतात. या सर्वांत जी सर्वांत लहान, तीच खरी मर्यादा. मोटरहोमचे वजन कागदावरचे न धरता संसार भरल्यावर काट्यावर करून पाहावे, असा सल्ला जाणकार देतात.

तिसरी कसोटी ब्रेकची. एक टनाची मोटार ताशी ९० किलोमीटर वेगाने ओढली जात असेल, तर तिच्यात साठलेली ऊर्जा ती सुमारे ३२ मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येईल तेवढी असते. म्हणजे दहा मजली इमारतीवरून मोटार पडण्यासारखे. हा सारा भार एकट्या मोटरहोमच्या ब्रेकवर टाकणे धोक्याचे असते. म्हणून मागच्या गाडीचा ब्रेक पुढच्याबरोबर आपोआप दाबला जाईल अशी योजना करतात. चुकून दांडा तुटलाच तर मागची गाडी आपली आपण थांबावी यासाठी वेगळी कळ असते, आणि आधाराला साखळ्या असतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठरावीक वजनापुढे अशा ब्रेकची सक्ती आहे. मागच्या गाडीचे दिवेही पुढच्या गाडीबरोबर लागले पाहिजेत.

आपली जिप्सी तेथेही होती

ही माहिती जमविताना एक गंमत कळली. अमेरिकेत मोटरहोममागे बांधण्यासाठी एके काळी जी गाडी फार नावाजलेली होती, ती आपल्या परिचयाची निघाली. सुझुकी कंपनीची छोटी जीप १९८५ ते १९९५ या काळात तेथे 'सामुराई' या नावाने विकली गेली. तिचीच बहीण आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस मारुती जिप्सी म्हणून आली. वजन सुमारे एक टन. चारही चाकांना शक्ती देणारी, आणि त्यासाठी गिअरबॉक्सच्या मागे एक वेगळी पेटी असलेली. त्या पेटीतील न्यूट्रल टाकला की चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध सुटतो आणि मुख्य गिअरबॉक्स स्वस्थ राहतो. तरीही ठरावीक अंतरानंतर थांबून, इंजिन मिनिटभर चालवून तेल फिरवून घेण्याचे पथ्य असे. जीप रँग्लरसारख्या गाड्या आजही याच कारणासाठी पसंत केल्या जातात.

माझ्या मित्राला मी शेवटी तीन ओळींत उत्तर पाठविले. आधी ज्या रस्त्यांवर, ज्या गावांत फिरायचे ते ठरव. त्यांना साजेशी, पुस्तिकेत ओढण्याची स्पष्ट परवानगी असलेली छोटी गाडी निवड. मग तिचे वजन सहज पेलेल असे मोटरहोम घे. त्याने क्रम उलटा लावला होता. घर आधीच पसंत केले होते आणि त्याची ओढण्याची क्षमता नंतर पाहिली होती. सुदैवाने पैसे भरायचे राहिले होते.

आपल्या देशात

आपल्याकडे या पद्धतीची नक्कल करण्याचा मोह कोणाला झाला तर आधी कायदा पाहावा. १९८९ च्या रस्ता-नियमावलीनुसार बिघडलेली किंवा अर्धवट जोडणी झालेली मोटार, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार एवढ्यांनाच ओढून नेता येत असे. बिघडलेली मोटार नेताना तिच्या सुकाणूवर परवानाधारक माणूस बसविणे किंवा तिची पुढची चाके उचलून धरणे आवश्यक होते. दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरच्या आत आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत ठेवायचा होता. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, तरी चांगली चालती मोटार हौसेने मागे बांधून महामार्गाने जाण्याची सोय तिच्यातही नाही. केरळ सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची योजना आणली आणि इतरत्रही अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. त्यांतील बऱ्याच पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरसारख्या मध्यम आकाराच्या गाड्यांवर बांधलेल्या असतात. ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांनी मुक्कामी पोहोचून रिक्षा किंवा भाड्याची दुचाकी घ्यावी, हे सर्वांत सोपे. आपल्या देशात छोटी गाडी हवी असेल तर तिला स्वतःचा चालक हवा. ही गोष्ट पुढील विचारात महत्त्वाची आहे.

आदिलाबादचा शेवटचा कोस

आता आपल्या दारातला प्रश्न. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण डोंगर, ओढे आणि माणसे तीच आहेत. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर, गादीगुडा या भागांत गोंडांचे गुडे आणि कोलामांच्या वस्त्या मुख्य रस्त्यापासून आत, पुष्कळदा टेकडीवर वसलेल्या आहेत. २००५ मध्ये हैदराबादहून १०८ सेवा सुरू झाली आणि २००८ मध्ये १०४ च्या फिरत्या आरोग्य-गाड्या गावोगाव ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. या दोन्ही योजनांनी पुष्कळांचे प्राण वाचविले. तरीही मोठी गाडी डांबरी रस्त्यावर थांबते आणि तेथून पुढचे तीन-चार किलोमीटर पावसाळ्यात फार लांबचे होतात.

एका शिबिरात मी पाहिलेला प्रसंग येथे सांगितला पाहिजे. ऑगस्ट महिना होता. आमची गाडी रस्त्याच्या कडेला एका शाळेसमोर उभी होती. दुपारी आवराआवर चालली असताना चिखलातून दोन बायका आल्या. एकीच्या पदराखाली नऊ दिवसांची मुलगी होती. वजन भरले १ किलो ७०० ग्रॅम, अंग थंडगार, चोखणे बंद. आईने सकाळीच गाडी आल्याचे ऐकले होते, पण मधला ओढा उतरेपर्यंत तिला पलीकडे थांबावे लागले. मुलीला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून गुंडाळले, साखर तपासली, नळीने दूध दिले आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठविले. ती वाचली. आमच्या गाडीत त्या दिवशी हिमोग्लोबिनचे यंत्र होते, फ्रीज होता, वातानुकूलन होते. त्या आईला सकाळी नऊ वाजता हवे होते ते ओढ्यापलीकडे उतरणारे एक हलके वाहन, त्यात एक परिचारिका आणि एक उबदार दुपटे.

बालकांच्या आजारांत वेळेचा हिशेब फार कठोर असतो. पाच मिनिटांहून अधिक चाललेली आकडी औषधाशिवाय थांबण्याची शक्यता कमी होत जाते. जुलाबाने सुकलेल्या तान्ह्या मुलाची स्थिती काही तासांत पालटते. कमी वजनाचे नवजात बाळ अर्ध्या तासाच्या पावसात गारठते. यांपैकी कशासाठीही प्रयोगशाळा लागत नाही. नाकात फवारायचे मिडाझोलाम, क्षारसंजीवनी, प्राणवायूचे छोटे नळकांडे, मास्क-पिशवी आणि शिकलेला माणूस लागतो. हे सारे छोट्या गाडीत मावते.

मग छोटी गाडी कोणती ?

देशातील रुग्णवाहिकांच्या मानकात चार प्रकार आहेत. त्यांतील पहिला प्रकार रुग्णाला वाहून न नेता उपचार करणाऱ्याला रुग्णापर्यंत पोहोचविणाऱ्या वाहनाचा आहे, आणि त्यात दुचाकीही बसते. मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये दहा दुचाकी रुग्णवाहिका सुरू झाल्या त्या याच विचाराने. पश्चिम बंगालच्या जलपायगुडी भागातील चहामळ्यातील कामगार करीमूल हक यांनी स्वतःच्या मोटरसायकलवर रुग्ण नेण्याचे व्रत घेतले आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या उटनूर भागातही दुचाकी रुग्णवाहिकांचा प्रयोग होऊन गेला आहे. कोरड्या पाऊलवाटेवर दुचाकीसारखे वाहन नाही. मात्र आकडी आलेले मूल, सलाइन आणि आई यांना घेऊन पावसात निसरड्या उतारावर तिचा उपयोग मर्यादित आहे.

चारचाकीचा विचार करताना मी पुढील कसोट्या लावीन. पहिली, हलकेपणा. चिखलात रुतल्यावर गावातील सहा माणसांनी ढकलून काढता आली पाहिजे. दुसरी, जमिनीपासून पोटाची उंची सुमारे २०० मिलिमीटर आणि चारही चाकांना शक्ती. जिप्सी आता नवी मिळत नाही. तिच्या कुळातील जिमनी २०२३ मध्ये आली. ती सुमारे बाराशे किलोची, २१० मिलिमीटर उंचीची आहे. तिच्यात आई मुलाला मांडीवर घेऊन बसू शकते, पण आडवा रुग्ण मावत नाही. प्रसूतीच्या बाईला झोपवून न्यायचे तर बोलेरोच्या जातीची लांब गाडी हवी, आणि तिची नोंदणी रुग्णवाहिका म्हणून करावी लागेल. तिसरी कसोटी, दुरुस्ती. जी गाडी आदिलाबादच्या कारागिराला उघडता येते आणि जिचे सुटे भाग त्याच दिवशी मिळतात, तीच येथे चांगली. चौथी, चालक. छोट्या गाडीचा चालक स्थानिक, गोंडी जाणणारा आणि ओढ्यांची ओळख असलेला असावा. त्याचा पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरावा. दोन गाड्यांचे पैसे जमवून एकाच चालकाचे जमविले तर छोटी गाडी अंगणातच राहते.

पाचवी कसोटी कागदाची आहे. मोठी गाडी कोणत्या तारखेला कोठे थांबणार आणि तेथून छोटी कोणत्या वस्त्या घेणार, याचा तक्ता वर्षभरासाठी आधी तयार हवा. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेस्राम मंडळी बैलगाड्यांनी येतात. कोणी कोठे मुक्काम करायचा, पाणी कोठून आणायचे, सारे ठरलेले असते. मोठ्या आणि छोट्या प्रवासाची ही शिस्त आपल्या शेजारीच नांदते आहे.

माझी सूचना छोटीशी आहे. मोठ्या गाडीचे दरपत्रक मागविण्यापूर्वी, येत्या जुलै-ऑगस्टमध्ये आपण एक भाड्याची जीप घेऊन दहा वस्त्यांपर्यंत जाऊन पाहावे. कोणता ओढा किती वेळ अडवितो, कोठे चारचाकी थांबते, कोठे दुचाकीही जात नाही, तेथे खांद्यावरच्या खाटेला किती माणसे लागतात, हे लिहून आणावे. त्या वहीवरून छोटी गाडी ठरेल. छोटी ठरली की मोठी किती मोठी असावी हेही ठरेल, आणि कदाचित आपण समजतो त्यापेक्षा ती बरीच लहान पुरेल. वाचलेल्या पैशांत दुसऱ्या चालकाचा पगार निघेल. ज्या सहकाऱ्यांना जीपमधून यायचे असेल त्यांनी मला कळवावे. बसायला जागा आहे, फक्त पायांत चिखलाचे बूट असावेत.